इंजिन तापवायचं ते चालवूनच

पत्र: नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. दिवाळीत दोन वर्षं वापरलेली टर्बो पेट्रोल गाडी घेतली, एक लिटरची, तीन सिलिंडरची. घरात चालवणारे तिघं आणि तिघांच्या तीन तऱ्हा. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, रोज सकाळी साडेसहाला खाली जाऊन गाडी सुरू करतात आणि दहा मिनिटं तशीच उभी ठेवतात. त्यांनी वर्षानुवर्षं फिएट सांभाळली, त्यामुळे इंजिन गरम झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही हा त्यांचा नियम. तळमजल्यावरच्या आजींनी धुराची तक्रार दोनदा केली आहे. मुलगा बावीस वर्षांचा, फॉर्म्युला वनचा वेडा. तो गाडी सुरू करतो ती पार्किंगमध्येच रेस देत, आणि हायवेला लागला की आरपीएमचा काटा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, पाच हजारांच्या पुढे. ‘नव्या गाड्यांना काही होत नाही’ असं त्याचं म्हणणं. मी शिक्षिका आहे, शाळा चार किलोमीटरवर, मी आपली हळूच चालवते. गेल्या आठवड्यात ऑइल टाकायच्या झाकणाच्या आतून पिवळट फेस दिसला. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडावं लागेल. आप्पा मुलाला दोष देतात, मुलगा आप्पांना. बरोबर कोण? आणि इंजिन उघडायचं का?
– एक वाचक, नाशिक

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: इंजिन इतक्यात उघडू देऊ नका. थंडीच्या दिवसांत झाकणाखाली फेस दिसण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं, आणि ते घरच्या घरी कसं ताडून पाहायचं ते पुढे सांगतो. त्यासाठी आधी थंड इंजिनात काय चाललेलं असतं ते समजून घेऊ, कारण तुमच्या घरातला वाद आणि तो फेस यांचं मूळ एकच आहे.

इंजिन तापवायला लागतं, यात आप्पांचं अजिबात चुकत नाही. फक्त आजची गाडी उभी ठेवून नीट तापत नाही, ती चालवून तापवायची असते. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघायचं, पण पुढचे दहा-बारा किलोमीटर पाय हलका ठेवायचा. काटा दोन-अडीच हजारांच्या आसपास राहू द्यायचा, पॅडल तळापर्यंत दाबायचं नाही. तिघांसाठी नियम एवढाच.

आप्पांची सवय कुठून आली ते मुलालाही सांगा. फिएटला, म्हणजे प्रीमियर पद्मिनीला, पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्बोरेटर होता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटून राहतात आणि सिलिंडरपर्यंत पोचणारं मिश्रण पातळ पडतं. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, इंजिन धडधडत का होईना चालू ठेवायचं आणि जसजसं गरम होईल तसतसा चोक आत ढकलायचा. घाई केली तर गाडी चौकात हमखास बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवताहेत आणि आपण पुन्हा पुन्हा स्टार्टर मारतोय, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना दहा मिनिटं थांबणं शहाणपणाचंच वाटणार. त्या गाडीसाठी ते शहाणपणाचंच होतं.

साल २००० च्या सुमारास आपल्याकडच्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आलं. आता इंजिनाला थंड ठेवणारं पाणी किती गार आहे, हवा किती गार आहे हे सेन्सर मोजतात आणि त्यानुसार कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल स्वतःच सोडतो. सकाळी सुरू केल्या केल्या काटा हजार-बाराशेवर जातो आणि थोड्या वेळानं खाली उतरतो ना, तो याच जुळवाजुळवीचा भाग. पहिल्या सेकंदापासून गाडी चालण्याजोगी असते. ऑइलचा लाल दिवाही दोन-तीन सेकंदांत विझतो, म्हणजे तेलाचा दाब तयार झालेला असतो.

मग उभी ठेवून तापवण्यात बिघडतं काय? इंजिनात उष्णता तयार होते ती जाळलेल्या पेट्रोलमधून, आणि उभ्या गाडीवर कामाचा भार नसल्यानं पेट्रोल थोडंच जळतं. म्हणजे ती अगदी रेंगाळत तापते. चालत्या गाडीत जी उष्णता तीन-चार मिनिटांत येते, तिला उभ्या गाडीत दहा मिनिटंही कमी पडतात. आणि तेवढा सगळा वेळ कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल देतच असतो. त्यातलं काही जळत नाही. ते सिलिंडरच्या गार भिंतींवर बसतं, तिथला तेलाचा पातळ थर धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइलमध्ये उतरतं. हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, त्यामुळे गार सकाळी ही अडचण वाढतेच. इंजिन जपायच्या हेतूनं आप्पा रोज ज्या दहा मिनिटांची काळजी घेतात, त्याच दहा मिनिटांत झीज चाललेली असते. खर्चाचंही बघा. एवढं लहान इंजिनसुद्धा उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल खातं, थंड असताना त्याहून जास्त. महिन्याला अडीच-तीन लिटर तरी पेट्रोल गाडी जागची न हलता संपतं.

तळमजल्यावरच्या आजींची तक्रार मात्र मला पेट्रोलपेक्षा मोठी वाटते. सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, पण तो अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय काम सुरू करत नाही. गार गाडी उभी ठेवली की तोही गारच राहतो आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. या वायूला ना रंग ना वास. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ज्याच्या वरच खिडकी उघडते तिथे, तो रोज सकाळी सोडत राहणं योग्य नाही. आणि शटर बंद असलेल्या गॅरेजमध्ये तर इंजिन कधीही सुरू ठेवू नका, दोन मिनिटंसुद्धा नाही. त्यानं जीव जातो. आप्पांना इंजिनाचं गणित पटायला वेळ लागेल कदाचित, पण आजींच्या खिडकीचं पटेल असं मला वाटतं.

आता चिरंजीवांकडे वळतो. त्याच्याशी बोलताना डॅशबोर्डवरचा निळा दिवा हाताशी धरा. पुष्कळ गाड्यांत हल्ली तापमानाचा काटा नसतो, थंड इंजिनासाठी निळा दिवा असतो आणि तो दोन-तीन किलोमीटरांत विझतो. मुलं समजतात, झालं इंजिन गरम. तो दिवा पाण्याचा आहे, म्हणजे कूलंटचा, आणि पाणीसुद्धा पूर्ण तापायच्या कितीतरी आधी विझतो. पाणी नव्वदच्या घरात पोचतं तेव्हा तेल बरंच मागे असतं. तेलाला तिथवर यायला आणखी पाच-दहा मिनिटं धावावं लागतं. बहुतेक गाड्यांत तेलाचं तापमान दाखवायची सोयच नाही, म्हणून किलोमीटरांवरून अंदाज घ्यायचा.

आणि सगळा खेळ तेलाचा आहे. तुमच्या गाडीत बहुधा ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० ऑइल असेल, मॅन्युअलमध्ये पाहा. यातला पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा आकडा शंभर अंशांवरच्या घट्टपणाचा. ५डब्ल्यू-३० सारखं चांगलं तेलसुद्धा दहा अंशांवर, म्हणजे नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी, शंभर अंशांवर असतं त्याच्या वीस-पंचवीस पट घट्ट असतं. निफाडच्या बाजूला आणखी घट्ट. मुंबईकर वाचकांनीही हसू नये, पंचवीस अंशांवरही ते दहा पटींहून जास्त घट्टच असतं. इंजिनाच्या हिशेबानं मे महिन्यातली दुपारसुद्धा थंडच. थंडीतली काकवी बाटलीतून ओतून पाहिली असेल, तर हे तेल केसाएवढ्या फटींतून किती खुशीनं जात असेल ते वेगळं सांगायला नको. पंप ते ढकलतो, पण दाब इतका चढतो की जास्तीचं तेल झडप उघडून माघारी सोडावं लागतं. फिल्टरमधूनही ते सहज जात नाही, तिथली झडप उघडते आणि काही तेल न गाळताच पुढे जातं. अशा वेळी काटा पाच हजारांवर नेला तर बेअरिंगं, कॅम, चेनचा टेन्शनर यांना वेगाला पुरेल इतकं तेल मिळत नाही. भरीस भर म्हणजे तेलात झीज रोखणारं झिंकचं रसायन असतं, त्याचा थर धातूवर नीट बसायला उष्णताच लागते.

धातूचं तर मुलाला प्रत्यक्ष दाखवता येईल. गॅरेजमध्ये एखादा जुना पिस्टन पडलेला असतोच, तो मागून हातात घ्या. डोळ्यांना गोल दिसतो. व्हर्नियर लावून मोजा: पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारी पिन ज्या दिशेला जाते त्या दिशेला तो किंचित अरुंद असतो, त्याला काटकोनात किंचित रुंद. वरचा भागही खालच्या स्कर्टपेक्षा बारीक. मिलिमीटरच्या अगदी लहान अंशांचा फरक असतो, पण तो मुद्दाम ठेवलेला. कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तो ज्या भिंतीत फिरतो ती बहुतेक बिडाची, आणि तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यातही डोक्याला ज्वाळेची धग, पिनेपाशी धातू जास्त, म्हणून प्रत्येक भाग वेगळा फुगतो. पूर्ण तापल्यावर तो जवळजवळ गोल व्हावा असा हिशेब केलेला असतो. थंड असताना त्याला जागा जास्त असते, तो भिंतीवर या बाजूनं त्या बाजूला आपटतो. जुन्या गाड्यांत हा टकटक आवाज ऐकूही यायचा. अशा स्थितीत जोरात रेस दिली की डोकं झपाट्यानं तापून फुगतं आणि भोवतालची भिंत गारच असते. ज्यानं पिस्टन घडवला त्यानं ती फट तापलेल्या इंजिनासाठी आखली आहे.

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, त्याचं प्रकरण आणखी नाजूक. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर आणि त्याहूनही जास्त फेरे मारतो, आणि तो टेकलेला असतो निव्वळ तेलाच्या पातळ थरावर. थंड, घट्ट तेलावर त्याला एकदम त्या वेगाला न्यायचं म्हणजे त्या थराची परीक्षा पाहायची. टर्बो बदलायचा खर्च एकदा विचारून या आणि मुलाला आकडा सांगा.

तो फॉर्म्युला वन पाहतो म्हणता, ही तर उत्तम गोष्ट. मग त्याला हे नक्की आवडेल: त्या गाड्यांचं इंजिन थंड असताना सुरूच करत नाहीत. आतल्या फटी इतक्या तंग की गार इंजिन नीट फिरणारही नाही. म्हणून आधी बाहेरून गरम पाणी आणि गरम तेल आत फिरवतात आणि मगच स्टार्टर लावतात. रस्त्यावरच्या गाड्यांतही उदाहरण आहे. बीएमडब्ल्यूनं १९९८ साली आणलेल्या ई३९ एम५ मध्ये, आणि नंतरच्या ई४६ एम३ मध्ये, आरपीएमच्या काट्याभोवती दिवे होते. तेल थंड असताना ते खालच्या आकड्यांपासूनच पेटलेले असत, याच्या पुढे जाऊ नका म्हणून, आणि तेल तापत जाई तसतसे एकेक विझत. ज्यांनी वेगासाठीच गाड्या बनवल्या त्यांनी तेलाचा एवढा मान ठेवला. ‘नव्या गाड्यांना काही होत नाही’ याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

पार्किंगमध्ये उभ्या उभ्या रेस देणं मात्र सरसकट बंद. त्यात ना गाडीचा फायदा, ना कुणाचा. काही कंपन्यांनी तर उभ्या गाडीला ठरावीक आकड्याच्या वर रेस घेताच येणार नाही अशी सोय करून ठेवली आहे.

त्याची हौस मारू नका, तिला वाट काढून द्या. फाट्यावरून द्वारकेकडे जायचं असेल तर उड्डाणपुलावर न चढता खालच्या सर्व्हिस रोडनं मुंबई नाक्यापर्यंत यायला सांगा. तिथे तशीही कुणाला घाई करता येत नाही, इंजिन आपोआप मायेनं तापतं. मुंबईकडे निघाला तर विल्होळी मागे पडेपर्यंत डाव्या लेननं साठ-सत्तरनं जाऊ दे, वाडीवऱ्हे आलं की तेल पुरतं तापलेलं असेल. मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काटा वर नेऊन गाडीचा आवाज ऐकायला माझी हरकत नाही, वेगमर्यादा पाळून. तापलेल्या निरोगी इंजिनाला अधूनमधून असा जोर दिल्यानं इजा होत नाही.

एक उलटी चूकही सांगून ठेवतो, कारण पाय हलका ठेवा म्हटलं की लोक ती करतात. काटा खाली राहावा म्हणून हजार-बाराशेवर चौथा-पाचवा गिअर टाकायचा आणि गाडी घुसमटत ओढत न्यायची. टर्बो पेट्रोल इंजिनाला तेही वाईट. इंजिन गुरगुरायला लागलं की एक गिअर खाली या, पंधराशे ते अडीच हजारांच्या मध्ये ते सुखात असतं. डिझेलवाल्यांनी दोन हजारांच्या आसपास राहावं आणि थोडं जास्त अंतर धरावं, डिझेल इंजिन सावकाश तापतं.

आणि हे सगळं सोवळं नाही. गाडी थंड आहे आणि बाजूनं ट्रक अंगावर येतोय, तर बेधडक पॅडल दाबा. एखाद्या वेळच्या जोरानं इंजिन मोडत नाही, रोजच्या सवयीनं झिजतं. ती झीज लगेच दिसतही नाही. वर्षा-दोन वर्षांनी ऑइल कमी व्हायला लागतं, सकाळी निळसर धूर येतो, सुरू करताना चेनचा खळखळाट ऐकू येतो, आणि तोवर कुणाला आठवत नाही हे कशामुळे. तुमची गाडी दोन वर्षं दुसऱ्याच्या हाती होती, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा सपाट जागेवर, इंजिन थांबवून पाचेक मिनिटं गेल्यावर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बघत चला. कुणी मेकॅनिक ‘जाड ऑइल टाका, आवाज कमी होईल’ म्हणाला तर ऐकू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल टाकायचं.

आता तुमच्याकडे येतो, ताई. दोघांच्या भांडणात तुम्ही स्वतःला बाजूला ठेवलंत, पण फेसाचा धागा बहुधा तुमच्या शाळेच्या फेऱ्यांपर्यंत जातो. यात तुमचा दोष काहीच नाही, अंतरच तसं आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती आणि थोडं न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या फटींतून इंजिनाच्या खालच्या भागात उतरतं. तेल नीट तापलं की पाणी उडून जातं, पेट्रोलही बऱ्याच अंशी निघून जातं. पण चार किलोमीटरांत तेल कोमटच होतं. गाडी बंद, सहा तास पार्किंगमध्ये गार, परत चार किलोमीटर. सकाळी आप्पांच्या दहा मिनिटांची त्यात भर. मग ती वाफ इंजिनातल्या सगळ्यात गार जागी, म्हणजे वरच्या झाकणाखाली, थंड होऊन तेलात घुसळली जाते आणि पिवळट चिकट फेस जमतो. हिवाळ्यात अशा छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांत तो सर्रास दिसतो.

म्हणून आधी झाकण स्वच्छ फडक्यानं पुसून घ्या. येत्या रविवारी तिघं मिळून तीस-चाळीस किलोमीटरांची तरी चक्कर मारा. त्र्यंबकेश्वरला जाऊन आलात तरी झालं. परत आल्यावर इंजिन बंद करण्याआधी अर्धा मिनिट तसंच चालू ठेवा, टर्बोला निवायला तेवढं पुरतं. घाट उतरून-चढून आलात तर मिनिटभर. त्यापुढे आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटरांची सलग धाव द्या, आणि बाजार, बँक अशी छोटी कामं शाळेच्या फेरीलाच जोडा, म्हणजे इंजिन गार होऊन पुन्हा सुरू होण्याची वेळ कमी येईल. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी ऑइल बदलायचा वेगळा तक्ता असतो, त्यात वारंवार केलेल्या छोट्या फेऱ्याही धरलेल्या असतात. तुमच्या गाडीला तो लागू आहे. तसा तक्ता सापडला नाही तर नेहमीच्या मुदतीच्या निम्म्यावर ऑइल बदला. आत्ता आहे ते ऑइल तर या चक्करीनंतर लगेच बदलून टाका, मागच्या मालकानं कधी बदललं ते आपल्याला ठाऊक नाही.

त्याच रविवारी, निघण्याआधी इंजिन पूर्ण गार असताना, कूलंटच्या पांढऱ्या टाकीवर पातळीपाशी स्केचपेननं खूण करा. गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका, भाजेल. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा गार इंजिनावर पाहा. पातळी खुणेवर असेल, डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ तपकिरी असेल आणि झाकणाखाली फेस नसेल किंवा अगदी पुसट असेल, तर इंजिन उघडायची काही गरज नाही, मेकॅनिकला नम्रपणे तसं सांगा. मात्र कूलंट कमी होत असेल, डिपस्टिकवर तेलच दुधाळ दिसत असेल, किंवा गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यायला हवा. तेव्हा गाडी चालवत न नेता टो करून गॅरेजला न्या आणि आधी कूलंटची प्रेशर टेस्ट करायला सांगा. ती इंजिन न उघडता होते.